फोन जुना झाला, हे ठरवायचं कोणी?

२०२५च्या सप्टेंबरात माझ्या फोनची बॅटरी फुगली. मागचं झाकण एका बाजूनं नखभर वर आलं होतं आणि टेबलावर ठेवला की फोन डुगडुगायचा. पाच वर्षांपूर्वी अठरा हजारांना घेतलेला साधा अँड्रॉइड फोन. ज्या कंपनीचा, तिच्या अधिकृत सेवा केंद्रात गेले. काउंटरवरच्या मुलानं मॉडेल बघितलं आणि फोन उघडायच्या आधीच सांगून टाकलं, "मॅडम, या मॉडेलची बॅटरी आता येत नाही. मागवली तर पंधरा-वीस दिवस, आणि येईलच असंही नाही. याच्यावर पैसे घालू नका. एक्स्चेंजमध्ये टाका, नवीन घ्या." एक्स्चेंजमध्ये किती येतील विचारलं, तर अकराशे.

तिथून मी तापकीर गल्लीत गेले. बुधवार पेठेतली वायर, स्विच, दिवे आणि मोबाइलच्या सुट्या भागांची ही गल्ली पुणेकरांना सांगायला नको. जिन्याखालच्या, दोन माणसं जेमतेम मावतील अशा गाळ्यात पंचविशीचा एक मुलगा बसला होता. त्यानं आधी फोन बंद केला. झाकणाच्या कडेनं गरम हवा फिरवली, प्लॅस्टिकची पातळ पट्टी फटीत सरकवली आणि गम सोडवत सोडवत चारी बाजूंनी फिरवत नेली. स्क्रू काढून चुंबकाच्या चटईवर ज्या जागचा त्या जागी मांडून ठेवले. आतली बॅटरी छोट्या उशीसारखी झाली होती. हिला टोचायचं नाही, वाकवायचं नाही, भोक पडलं तर पेट घेते, असं मला सांगत तो दोन्ही अंगठ्यांनी तिला हळूहळू सुटी करत होता. नवी बसवली, चार्जर लावला, मीटरवर करंट बघितला. जाता जाता चार्जिंगच्या भोकात साचलेला खिशातला कापूस चिमट्यानं काढून दिला, त्याचे पैसे घेतले नाहीत. एकूण बाराशे रुपये, सहा महिन्यांची वॉरंटी, पंचवीस मिनिटं. तेव्हापासून फोन पुन्हा सकाळी सात ते रात्री अकरा चालतो आहे.

त्याच आठवड्यात, १९ सप्टेंबरला, आयफोन १७ भारतात विक्रीला आला. मुंबईत बीकेसीच्या ॲपलच्या दुकानासमोर रात्रीपासून रांग लागली. पुण्यात कोरेगाव पार्कला त्यांचं दुकान उघडून तेव्हा दोन आठवडे झाले होते. फोनची किंमत तेव्हा ८२,९०० रुपयांपासून पुढे होती. दसरा तेरा दिवसांवर होता आणि आमच्या पतसंस्थेत जेवणाच्या सुट्टीत दुसरा विषय नव्हता. रांगेत उभं राहणाऱ्यांवर माझा राग नाही. कष्टाच्या पैशातून माणूस हौस करतो, त्यात दुसऱ्यानं नाक खुपसू नये. पण त्या आठवड्यात एक गोष्ट माझ्या डोक्यात पक्की बसली आणि ती मला सगळ्यांशी बोलायची आहे.

माझा फोन निकामी झाला नव्हता. त्याचा बाराशे रुपयांचा एक भाग संपला होता. तरी ज्यांनी तो बनवला, त्यांच्या माणसानं मला तो टाकून द्यायला सांगितलं. मी सरळ त्याचं ऐकलं असतं, तर नवा फोन 'मी' घेतला असं सगळे म्हणाले असते. निर्णय मात्र माझा नसता.

नवा फोन आला की आपण विचारतो, "यात नवीन काय आहे?" या प्रश्नाला कंपनीकडे कायम उत्तर तयार असतं. कॅमेरा, पडदा, चिप, आता एआय. दर वर्षी काहीतरी सुधारतंच, त्यात खोटं काही नाही. पण नवा घ्यायचा की नाही, याचं उत्तर नव्या फोनमध्ये नसतं. ते हातातल्या फोनमध्ये असतं. मला रोज जे करावं लागतं, त्यातलं कोणतं काम हा फोन आता करत नाही? मी कागदावर यादी केली. फोन लागतो, ऐकू येतं. व्हॉट्सॲप, यूपीआय, बँकेचं ॲप, एसटीचं तिकीट, मुलीच्या शाळेचे निरोप, आईशी व्हिडिओ कॉल, रिक्षा बोलावणं. सगळं होतं. फोटो संध्याकाळनंतर जरा धूसर येतात. मी काही लग्नाचे फोटो काढत नाही. एवढ्यासाठी तीस हजार घालायचे का, याचं उत्तर यादी लिहिता लिहिताच मिळालं.

ज्याचं पोट फोनवर आहे, त्याची यादी वेगळी निघेल. दिवसभर गाडीवर फिरून घरोघरी डबे, सामान पोचवणाऱ्या पोराचा फोन पत्ता शोधताना अडकला, तर त्याची ऑर्डर जाते. त्याला चांगला फोन म्हणजे हत्यार आहे. दृष्टी नसलेल्या माणसाला पडद्यावरचं चटकन वाचून दाखवणारा, समोर काय आहे ते सांगणारा नवा फोन मिळाला, तर त्याचं घराबाहेर पडणंच सोपं होतं. अशांनी उद्याच घ्यावा. ज्यांना घ्यायचाच आहे, त्यांच्यासाठी एक व्यवहाराची गोष्ट. आयफोन १७ जाहीर झाला, तेव्हा आदल्या वर्षीचा १६ लगेच ७९,९०० वरून ६९,९०० वर आला. फोन तोच होता, आदल्या रात्री तो जे करत होता तेच सकाळीही करत होता. एका रात्रीत दहा हजारांनी कमी झाली ती फक्त त्याची नवलाई. ती विकत घ्यायची नसेल, तर नवा फोन येण्याचा मुहूर्त हा जुना फोन विकत घेण्याचा मुहूर्त असतो.

इथवर हा ज्याच्या त्याच्या घरातला हिशोब आहे. हा हिशोब आपल्याला नीट करू दिला जात नाही, म्हणून मी तो सार्वजनिक प्रश्न मानते.

फोन हँग व्हायला लागला की आपण म्हणतो, "झाला आता जुना." पण तो का हँग होतो? २०१७च्या डिसेंबरात ॲपलनं कबूल केलं, की जुन्या आयफोनची बॅटरी थकली की त्यांचं सॉफ्टवेअर फोनचा वेग आपणहून कमी करतं. कारण त्यांनी दिलं, ते तांत्रिकदृष्ट्या खरंही आहे. थकलेल्या बॅटरीवर एकदम ताण आला तर फोन अचानक बंद पडतो, तो पडू नये म्हणून वेग कमी केला. पण हे वापरणाऱ्याला सांगितलं नव्हतं. लोकांना वाटलं फोनच संपला. नवी बॅटरी टाकली असती, तर त्यातले कितीतरी फोन पूर्ववत धावले असते. २०१८ मध्ये इटलीच्या स्पर्धा आयोगानं, जुने फोन मंदावणारी अपडेट लोकांच्या गळ्यात मारली म्हणून ॲपलला एक कोटी युरो आणि सॅमसंगला पन्नास लाख युरो दंड केला. फ्रान्सनं २०२० मध्ये ॲपलला अडीच कोटी युरो दंड केला, तोही याच कारणासाठी, की ग्राहकाला सांगितलं नाही. अमेरिकेत ॲपलला पन्नास कोटी डॉलरपर्यंतची तडजोड करावी लागली. या सगळ्या प्रकरणांत मला दंडाच्या आकड्यांपेक्षा एक गोष्ट महत्त्वाची वाटते. फोन किती दिवसांचा आहे हे बनवणाऱ्याला माहीत होतं आणि वापरणाऱ्याला माहीत नव्हतं.

बॅटरीचं तर गणितच ठरलेलं असतं. लिथियमची बॅटरी ठरावीक वेळा पूर्ण भरून रिकामी झाली की तिची ताकद उतरते. एकदा भरून रिकामी होणं म्हणजे एक आवर्तन. आयफोन १४ पर्यंतच्या फोनना ॲपल स्वतः सांगतं, पाचशे आवर्तनांनंतर ऐंशी टक्के ताकद उरेल. १५ पासून पुढे हजार आवर्तनं. रोज एकदा पूर्ण चार्ज करणाऱ्याचा पहिला हिशोब दीड वर्षाच्या आतबाहेर संपतो. म्हणजे बॅटरी संपणार, हे फोन विकतानाच ठाऊक असतं. मग ती बदलायची सोय विकतानाच का नसावी? आपण सगळ्यांनी झाकण सरकवून बॅटरी काढलेली आहे. नोकिया ११०० चा काळ फार लांब गेलेला नाही. पाण्यात पडला तर आधी बॅटरी काढायची, हे घरातल्या लहान पोरालाही माहीत होतं. नंतर फोन बारीक झाले, पाणी शिरू नये म्हणून गमानं बंद झाले आणि आज साध्या बॅटरीसाठी गरम हवेचं यंत्र लागतं. युरोपीय संघानं २०२३च्या नियमात ठरवलंय, की फेब्रुवारी २०२७ पासून तिकडे विकल्या जाणाऱ्या उपकरणांची बॅटरी वापरणाऱ्याला स्वतः काढता-घालता आली पाहिजे. त्यात काही अपवाद ठेवले आहेत, पण दिशा स्पष्ट आहे.

बॅटरीचं एक वेळ तापकीर गल्लीत निभावतं. सॉफ्टवेअरचं निभावत नाही, आणि माझी खरी तक्रार तिथे आहे.

प्रत्येक फोनला कंपनी काही वर्षं सुरक्षेची अपडेट देते. चोरांना सापडलेल्या फटी बुजवण्याचं ते काम असतं. ती थांबली की फोन चालत राहतो, दिसायला काहीच फरक पडत नाही, पण त्याच्या दाराची कडी बसेनाशी होते. आपल्याकडे आता फोन म्हणजे पाकीट, पासबुक, सातबारा, आधार सगळं काही आहे. भाजीवालीचा गल्लासुद्धा फोनमध्ये आहे. त्या फोनची राखण किती वर्षं होणार, हे दहा-पंधरा हजारांचा फोन घेताना कोणी सांगत नाही आणि आपणही विचारत नाही. आपण विचारतो मेगापिक्सेल किती.

जास्त वर्षं अपडेट देता येत नाही, असं म्हणाल तर ते खरं नाही. २०१८चा आयफोन एक्सआर २०२४च्या नव्या प्रणालीवरही, म्हणजे फोन चालवणाऱ्या मूळ सॉफ्टवेअरवरही, चालला. गुगलनं २०२३ मध्ये पिक्सेल ८ ला सात वर्षांचं वचन दिलं, सॅमसंगनं जानेवारी २०२४ मध्ये एस२४ मालिकेला सात वर्षांचं. ते महाग फोन झाले, ठीक. पण त्याच वर्षी सॅमसंगनं वीस हजारांच्या आतल्या ए१६ ला सहा वर्षांचं वचन दिलं. म्हणजे स्वस्त फोनलाही हे जमतं. जमवायचं ठरवलं की जमतं. मग आपल्याकडे घराघरांत असलेल्या बाकीच्या स्वस्त फोनना दोन-तीन वर्षांत वाऱ्यावर का सोडायचं? ज्याच्याकडे लाख रुपये आहेत, त्याचा फोन सात वर्षं सुरक्षित. ज्यानं हप्त्यानं दहा हजारांचा घेतला, त्याचा दोन वर्षं. गरिबाच्या पाकिटाला कमी दिवस कुलूप, हे मला पटत नाही.

जुना फोन काय करू शकत नाही हे सॉफ्टवेअर ठरवतं, याचं आपल्याच राज्यातलं उदाहरण डोळ्यांसमोर आहे. अंगणवाडी सेविकांना शासनानं २०१९ मध्ये कामासाठी फोन दिले. एक लाखाहून जास्त फोन, दोन जीबी रॅमचे. २०२१च्या मार्चमध्ये केंद्राचं पोषण ट्रॅकर ॲप आलं. मुलांची वजनं, उंची, आहार, गरोदर बायांच्या नोंदी, सगळं त्यात भरायचं. ते त्या फोनवर धड चालेना. फोन गरम व्हायचे, बंद पडायचे, नोंदी इंग्रजीत भराव्या लागायच्या, वॉरंटी संपलेली, दुरुस्तीचा खर्च सेविकेच्या माथी. २०२१च्या ऑगस्टमध्ये राज्यभर सेविकांनी मोर्चे काढून हे फोन शासनाला परत केले. अवघ्या दोन वर्षांचे फोन. त्यातले बहुतेक बोलायला, संदेश पाठवायला चांगले होते. जड ॲप आलं आणि एका फटक्यात ते सगळे जुने झाले. त्याच महिन्यात राज्यात ई-पीक पाहणी सुरू झाली. शेतकऱ्यानं बांधावर उभं राहून स्वतःच्या फोनवरून पिकाचा फोटो आणि नोंद करायची. कल्पना चांगली आहे, पण ज्याचा फोन चालत नाही त्यानं शेजाऱ्याच्या पोराला हाक मारायची. सरकार जेव्हा एखादं काम फोनवर नेतं, तेव्हा ते लोकांच्या खिशातल्या फोनचं आयुष्यही ठरवत असतं. म्हणून सरकारी ॲप आधी पाच-सहा वर्षं जुन्या, कमी रॅमच्या फोनवर चालवून दाखवावं आणि मगच लोकांवर सोडावं. हे मागायला मोठं धोरण लागत नाही, ठेक्याच्या कागदात एक अट घालावी लागते.

पतसंस्थेत बसून मी आणखी एक बाजू बघते. दसरा-दिवाळीच्या आधी वैयक्तिक कर्जाचे अर्ज वाढतात, आणि कारणाच्या रकान्यात 'घरगुती' लिहिलेलं असलं तरी बोलता बोलता कळतं की पोराला फोन हवाय. पोरगं म्हणतं, "नो कॉस्ट ईएमआय आहे, व्याज नाहीच." त्याला मी कागदावर मांडून दाखवते. समजा तीस हजारांचा फोन क्रेडिट कार्डावर नऊ महिन्यांच्या हप्त्यानं घेतला, व्याज पंधरा टक्के. व्याज होतं साधारण १,७९० रुपये. दुकान तेवढी सूट आधी देतं, म्हणून ते दिसत नाही. पण बँकेच्या लेखी ते व्याजच असतं, त्यावर १८ टक्के जीएसटी लागतो, म्हणजे सुमारे ३२०. वर प्रक्रिया शुल्क १९९ असेल तर त्यावरही जीएसटी. झाले साडेपाचशे. आणि रोखीनं घेणाऱ्याला जी सूट मिळाली असती, ती गेली ते वेगळंच. रिझर्व्ह बँकेनं तर २०१३च्या सप्टेंबरातच बँकांना बजावलं होतं, की शून्य टक्के व्याज अशी काही गोष्टच नसते. साडेपाचशे रुपयांनी कोणाचं घर बुडत नाही. पण 'व्याज नाही' या शब्दांनी तीस हजार हे नऊ हप्त्यांचे तेहतीसशे-तेहतीसशे होतात, आणि पगार बावीस हजार असलेला मुलगा ज्या फोनकडे एरवी बघितलंही नसतं तो घेतो. हप्ते फिटतात न फिटतात तोवर पुढचा फोन आलेला असतो.

एक्स्चेंज ऑफरचंही तसंच. आमच्या लहानपणी बोहारीण दारात बसायची. जुन्या साड्यांवर भांडं मिळायचं आणि आई तास तास घासाघीस करायची, जरीच्या काठाला वेगळा भाव, विरलेल्या पातळाला वेगळा. भाव दोघींनी ठरवलेला असायचा. आता ॲप सांगतं अकराशे, आणि 'जास्तीचा एक्स्चेंज बोनस' हवा असेल तर ठरावीक मॉडेलच घ्यावं लागतं. ज्या फोनवर मी बाराशे घातल्यावर तो पुढची दोन-तीन वर्षं धावणार होता, त्याची किंमत अकराशे ठरवणारा माणूस मला दिसत नाही, त्याच्याशी बोलता येत नाही.

आणि टाकलेला फोन जातो कुठे? संयुक्त राष्ट्रांच्या २०२४च्या अहवालानुसार २०२२ या एका वर्षात जगात ६.२ कोटी टन ई-कचरा झाला आणि त्यातला २२.३ टक्केच रीतसर गोळा होऊन पुनर्वापरात गेल्याची नोंद आहे. उरलेल्याचं काय होतं, ते दिल्लीच्या सीलमपूरमध्ये दिसतं. उघड्या हातांनी बोर्ड फोडायचे, तांब्यासाठी वायरी जाळायच्या, सोन्याच्या कणांसाठी ॲसिडात बुडवायचे. दुसऱ्या टोकाला काँगो आहे. जगातलं दोन तृतीयांशाहून जास्त कोबाल्ट तिथल्या खाणींतून येतं आणि काही ठिकाणी ते हातानं, लहान मुलांच्या हातानंही, उकरलं जातं. फोनमुळे हवेत जो कार्बन जातो, त्यातला मोठा वाटा तो वापरताना नाही, तो बनतानाच जाऊन चुकलेला असतो. ॲपल स्वतःच्या फोनबद्दल जे अहवाल काढतं, त्यांतही हेच दिसतं. म्हणून चार्जर बंद करण्यानं जेवढं वाचतं, त्याच्या कितीतरी पट फोन दोन वर्षं जास्त वापरण्यानं वाचतं.

यावर मला एक प्रश्न हमखास विचारला जातो, आणि तो रास्त आहे. लोक फोन घेईनासे झाले तर कारखान्यांचं काय? भारत आज जगातला दुसऱ्या क्रमांकाचा फोन बनवणारा देश आहे. तमिळनाडूत, कर्नाटकात, नोएडात हजारो मुलींना या कारखान्यांत पहिली नोकरी मिळाली. ती नोकरी मलाही हवी आहे. पण सुटा भाग बनवणं हेही कारखान्याचंच काम आहे. बॅटरी, पडदा, चार्जिंगची पट्टी सात वर्षं बनवत राहा म्हटलं, तर यंत्रं थांबत नाहीत. आणि दुरुस्तीचा रोजगार एका औद्योगिक वसाहतीत गोळा होत नाही, तो तालुक्याच्या एसटी स्टँडसमोर मिळतो. आयटीआय करून गावातच राहायचं म्हणणाऱ्या मुलाला मोबाइल दुरुस्तीसारखा धंदा नाही. त्याला आज अडचण येते ती हुन्नराची नाही, अस्सल सुट्या भागाची. माझ्या फोनची बॅटरी अधिकृत केंद्रात 'येत नव्हती', ती तापकीर गल्लीत आली, पण ती कंपनीची नव्हती. ती किती चांगली आहे, हे तो मुलगाही छातीठोक सांगू शकला नाही. त्याला अस्सल भाग रास्त भावात विकत मिळायला हवा. आणखी एक गोष्ट मला खटकते. नव्या फोनवर जीएसटी १८ टक्के, दुरुस्तीवरही १८ टक्के. ऑस्ट्रियानं २०२२ मध्ये दुरुस्तीच्या बिलातला निम्मा खर्च, दोनशे युरोपर्यंत, सरकारनं उचलायची योजना काढली. आपल्याला तेवढं परवडणार नाही, पण दुरुस्तीवरचा कर कमी करणं परवडेल.

केंद्र सरकारनं या वाटेवर पावलं टाकली आहेत. २०२२च्या डिसेंबरात दुरुस्तीच्या हक्काचं पोर्टल आलं, त्यात मोबाइलही आहे. फोन दुरुस्त करायला किती सोपा, याचा निर्देशांक ठरवण्यासाठी २०२४ मध्ये समिती नेमली आणि २०२५ मध्ये तिचा अहवालही आला. फ्रान्समध्ये असा निर्देशांक जानेवारी २०२१ पासून दुकानात किमतीशेजारी दिसू लागला. आपल्याकडे तो शिफारस म्हणून फाइलीत राहू नये, सक्तीनं दुकानात दिसावा. पण त्याच्याही आधी, अगदी उद्या करता येईल अशी एक गोष्ट मी मागते आहे. फोनच्या खोक्यावर तारीख छापा. "या फोनला सुरक्षा अपडेट अमुक महिन्यापर्यंत मिळतील." बस, एवढी एक ओळ. शेजारी बॅटरी किती आवर्तनांची आणि सुटे भाग कोणत्या सालापर्यंत मिळतील, हेही छापलं तर सोन्याहून पिवळं.

हे काही जगावेगळं नाही. ब्रिटनमध्ये २९ एप्रिल २०२४ पासून उत्पादकाला सुरक्षा अपडेटची किमान मुदत जाहीर करावीच लागते. युरोपीय संघानं २० जून २०२५ पासून फोनवर लेबल सक्तीचं केलं, त्यात बॅटरी किती आवर्तनं टिकेल आणि फोन दुरुस्तीला किती सोपा, हे दिसतं. सुटे भाग मॉडेल बंद झाल्यावर सात वर्षं आणि प्रणालीची अपडेट किमान पाच वर्षं द्यायचं बंधनही त्यासोबत आलं. तिकडे विकले जाणारे फोन बनवणाऱ्या कंपन्या त्याच आहेत. आणि आपल्याकडे कायद्याची चौकट तयार आहे. वजनमापे कायद्याखालच्या २०११च्या नियमांनी बंद पाकिटावर एमआरपी, बनवल्याचा महिना, तक्रारीचा पत्ता छापावा लागतो. दुधाच्या पिशवीवर तारीख असते, खोकल्याच्या औषधावर असते. पाच हजारांपासून दीड लाखांपर्यंतच्या वस्तूवर का नसावी? ती तारीख कंपनीकडे आहेच. ती फक्त आपल्याला सांगायची आहे.

अशी तारीख असती, तर काय झालं असतं ते मी माझ्यावरूनच सांगते. बॅटरी बदलून घरी आल्यावर मी सेटिंगमध्ये जाऊन सुरक्षा अपडेटची तारीख बघितली. पाच वर्षांत पहिल्यांदाच बघितली. शेवटचं अपडेट २०२३च्या ऑगस्टमधलं होतं. दोन वर्षं मी बँकेचे सगळे व्यवहार, पतसंस्थेची कामं, आईच्या पेन्शनचे ओटीपी त्याच फोनवर करत होते. ही तारीख घेतानाच खोक्यावर असती, तर मी त्या पैशांत दुसरा फोन बघितला असता, दोन हजार जास्त घातले असते. आता नव्या बॅटरीचा, उत्तम चालणारा फोन हातात आहे आणि बँकेचं ॲप मी त्यावरून काढून टाकलं आहे. मोठे व्यवहार ऑफिसातून बँकेत जाऊन करते. यूपीआयसाठी वेगळं खातं उघडून त्यात दोन-तीन हजारच ठेवते.

कधीतरी नवा घ्यावा लागेल, हे मला कळतं. म्हणून दिवाळीच्या आदल्या आठवड्यात लक्ष्मी रोडच्या बाजूला तीन दुकानं फिरले. तिन्हीकडे एकच विचारलं, "याला अपडेट कोणत्या सालापर्यंत?" पहिल्यानं कॅमेरा दाखवला. दुसरा म्हणाला, "येत राहतात, मॅडम." तिसऱ्या दुकानात वीस-बावीस वर्षांची मुलगी होती. तिनं खोकं हातात घेतलं, चारी बाजूंनी फिरवून वाचलं, आतला कागदही उलगडून बघितला. मग म्हणाली, "असं लिहिलेलं नाहीये. पण विचारायला पाहिजे, माझाही हाच फोन आहे." तिनं माझा नंबर वहीत लिहून घेतला आहे.